रेषा कुणी ओलांडली?

१

सामान ठेवायच्या मांडवातल्या सगळ्या बॅगा गेल्या. एकच राहिली.

पिवळी, पाठीवर अडकवायची, चेनला लोकरीचा गोंडा लावलेली. टेबलं आवरणाऱ्या बाईनं ती उचलून नंबर वाचला, मोठ्यानं हाक मारली. कुणी आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा कठड्यापाशी उभा असलेला एक उंच, किडकिडीत माणूस पुढे आला.

"माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला. "पण बायको कुठाय?"

फौजदारबाई तिथेच फुटपाथच्या कडेला पाय पसरून बसल्या होत्या. गुन्हे शाखेत वीस-बावीस वर्षं काढलेली ही बाई आयुष्यातली पहिली मॅरेथॉन नुकतीच पळून आली होती. पळून म्हणजे शेवटी शेवटी फरफटत. गळ्यात पदक, खांद्यावर चंदेरी कागदाची शाल, गालांवर वाळलेल्या घामाचं पांढरं मीठ आणि उजव्या गुडघ्याला घट्ट गुंडाळलेली निळी पट्टी. उठायचं मनात आलं तरी मांड्या आधी विचार करत होत्या.

किडकिडीत माणसाला त्या ओळखत होत्या. तो चिमणीचा नवरा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. आणि चिमणी म्हणजे त्यांच्या पहाटेच्या गटातली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात वेगवान बाई. एरवी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची, पहाटे तळ्याकाठी वाऱ्यासारखी पळायची.

"अजून भेटली नाही?" फौजदारबाईंनी विचारलं.

"नाही ना ताई! शर्यत पूर्ण केल्याचा मेसेज आला मला. अभिनंदन वगैरे. मी तर रेषेच्या समोरच उभा होतो, कठड्याला चिकटून. तुम्हाला येताना पाहिलं. तिला नाही."

रेषा ओलांडतानाचा क्षण फौजदारबाईंना आठवला. लाऊडस्पीकरवरच्या माणसानं त्यांचं नाव घेतलं होतं आणि त्याच श्वासात चिमणीचं. ही पोरगी मागूनच आली की काय, म्हणून मिठी मारायला त्या हात पसरून वळल्या होत्या. मागे कुणीच नव्हतं. दहा-बारा पावलांवर एक जाडजूड आजोबा तेवढे हाश्शहुश्श करत येत होते. थकव्यानं डोकं जागेवर नव्हतं, म्हणून तेव्हा त्यांनी ते सोडून दिलं होतं.

आता ते सोडून देता येईना.

स्पीकरवरचा माणूस काही माणसं ओळखून नावं घेत नव्हता. प्रत्येकाच्या बुटाच्या नाडीत कागदासारखी पातळ चिप ओवलेली होती. वाटेत ठिकठिकाणी आणि शेवटच्या रेषेवर रबरी पट्ट्या अंथरल्या होत्या. चिप पट्टीवरून गेली की यंत्राला कळायचं आणि नाव पडद्यावर उमटायचं.

म्हणजे चिमणीची चिप आली होती. चिमणी आली नव्हती.

"बॅग उघडा," फौजदारबाई म्हणाल्या.

आत टॉवेल होता, कोरडे कपडे होते, चपला होत्या आणि बंद केलेला फोन. घरी जायला निघालेल्या माणसानं यातलं काहीही मागे ठेवलं नसतं.

२

आधी नवऱ्याला विचारायचं, हा फौजदारबाईंचा नेहमीचा शिरस्ता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर ताजे ओरखडे होते.

"हे काय?"

"सेफ्टी पिना." त्यानं हात मागे घेतला नाही. "सकाळी तिच्या छातीवर नंबर लावून देत होतो. आमचं भांडण चाललं होतं. हात थरथरत होते, दोनदा टोचून घेतलं."

"भांडण कशावरून?"

"पळू नकोस म्हटलं मी. दोन महिने झाले, धड झोपत नाहीये ती. तुमच्या गटातले पोस्टमास्तर पळता पळता गेले तेव्हापासून. काल तर जेवली पण नाही. मी म्हटलं, या अवस्थेत बेचाळीस किलोमीटर? ती म्हणाली, आजचा दिवस पळू दे, उद्या सगळं सांगते."

"सगळं म्हणजे?"

"ते उद्या कळणार होतं ना." त्यानं चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला. "ताई, ती पळून आली की मला टाळी दिल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. कितीही भांडलो असलो तरी."

तो खोटं बोलत असेल तर फार चांगलं बोलत होता. पण कठड्याला चिकटून उभा असताना त्याला पाहिलेले शंभर लोक होते आणि बायको तर शर्यतीच्या वाटेवर होती.

फौजदारबाईंनी आपल्या हवालदाराला फोन लावला आणि जीप मागवली. तेवढ्यात त्यांना समोर कोच दिसला. हा त्यांच्या गटाचा प्रशिक्षक. आजही दिवसभर शर्यतीच्या बाजूबाजूनं मोटारसायकलवर फिरत होता.

"चिमणीला शेवटची कुठे पाहिलीस?"

"अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे," कोच म्हणाला. "काय पळत होती! तुमच्या किती पुढे होती. मी ओरडलो, हळू! तिनं जीभ दाखवली."

"मग माझ्याबरोबर कशी आली शेवटी?"

हे कोचच्याही लक्षात आलं नव्हतं. "पायात गोळा आला असेल," तो चाचरत म्हणाला. "गोळा आला की भले भले बसतात."

"काल सरावानंतर ती कुणाशी भांडत होती?" हे बाईंनी नुसतं अंधारात खडा टाकावा तसं विचारलं. पण कोचचा चेहरा पडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू सांग."

"ताई, पोस्टमास्तरांचं आता उकरून काय मिळणार? माणूस गेला. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी लिहून दिलं. चिमणीच्या डोक्यात भलतंच. ती म्हणत होती की कुणीतरी त्यांना काहीतरी घ्यायला दिलं होतं. माझा गट आहे हा. लोक विश्वासानं येतात माझ्याकडे."

"कुणाला म्हणत होती?"

"मी लांब होतो. ते दोघं मोटारीच्या आड. आवाज फक्त तिचाच येत होता. एवढंच ऐकलं, 'शर्यत होऊ दे. सोमवारी मी त्यांच्या बायकोकडे जाणार. त्याआधी तू स्वतः जा.'"

समोरचा माणूस कोण, ते त्यानं पाहिलं नव्हतं. निदान तो तसं म्हणत होता. पण ज्याला सोमवार उजाडायला नको होता, असा कुणीतरी माणूस या शहरात होता. आणि आज रविवार होता.

३

जीप आली. चढताना फौजदारबाईंना दोन्ही हातांनी आपला पाय उचलून आत ठेवावा लागला. हवालदारानं तोंड वळवून हसू दाबलं.

"हस तू," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझं नाव घालते."

चष्मेवाला मागे बसला होता. बॅग त्यानं मांडीवर घेतली होती, एखादं मूल घ्यावं तशी.

अर्ध्या वाटेच्या पुढे चिमणी धडधाकट होती. त्याच्या पुढचा पहिला मोठा थांबा म्हणजे औषधोपचाराचा तंबू. तिथे त्यांच्याच गटातला एक जण सेवेला होता, फिजिओ. गटातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी गुडघा, टाच नाहीतर कंबर त्याच्या हाताखालून गेली होती. हळू बोलायचा, गोड बोलायचा आणि दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवायचा. फौजदारबाईंचा गुडघा बिघडला तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, "घाबरू नका ताई. शर्यतीत माझ्या तंबूपाशी थांबा. अशी पट्टी बांधून देतो की गुडघा विसरून जाल."

आणि त्यानं बांधून दिली होती. बाई तिथे पोहोचल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तंबूत नुसता गोंधळ होता. दुखरे पाय, कण्हणारी माणसं, स्प्रेचा झोंबणारा वास, खाटांवर चंदेरी कागद पांघरून पडलेले लोक. कोण बाई, कोण पुरुष, ते बुटांवरूनच कळायचं. फिजिओनं त्यांना पडद्यामागे बसवलं, चटकन पट्टी गुंडाळली आणि पाठीवर थाप मारली होती. "जा ताई. शेवटपर्यंत जाल."

आता तिथे पोहोचल्या तेव्हा तंबू अर्धा उतरला होता. रस्त्यावर चेपलेले प्लास्टिकचे पेले आणि पिळून फेकलेले स्पंज पडले होते. सकाळी ज्या रस्त्यानं माणसांचा लोंढा गेला, तिथे आता वारा एकटाच पेले ढकलत होता. फौजदारबाईंना उगाचच वाटलं की कुणीतरी त्यांच्याकडे बघतंय. त्यांनी वळून पाहिलं. फिजिओ उभा होता.

"ताई! अभिनंदन. मी फोनवर पाहिलं, तुम्ही आणि चिमणी बरोबरच आलात."

"चिमणी आली नाही," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

फिजिओनं एकदा त्याच्याकडे, एकदा फौजदारबाईंकडे पाहिलं. "असं कसं? आली की. नाव आहे तिचं."

"इथे थांबली होती?"

"नाही हो. समोरून गेली, हसत. हात केला मला."

"एवढ्या गर्दीत दिसली?"

"चिमणी कुठेही दिसते." तो खाली वाकला आणि त्यानं फौजदारबाईंच्या गुडघ्याला हलकेच हात लावला. त्याची बोटं बर्फासारखी गार होती. "पट्टी छान बसलीय. आज काढू नका हं. आंघोळीलाही नको. उद्या मी स्वतः येऊन काढतो."

"लांब पळून आली की ती तुझ्या दवाखान्यात बर्फाच्या पाण्यात बसते ना?" चष्मेवाल्यानं विचारलं. "तिकडे तर गेली नसेल?"

"आज रविवार. दवाखाना बंद आहे. आणि बर्फ आहे कुठे? सगळा इकडे आणला ना पळणाऱ्यांसाठी."

पलीकडे खाटा आवरणारी नर्स हे ऐकून फणकारली. "आणला, आणि नेलाही! ऐन गर्दीत चार पोती गाडीत टाकून कुठे घेऊन गेलात? इथे माणसं पाय धरून रडत होती आणि मला गार पाण्याच्या बाटल्या लावाव्या लागल्या."

"दुसऱ्या तंबूतून मागणी आली होती, सिस्टर," फिजिओ हसून म्हणाला. "तिथेही माणसंच आहेत."

त्याच्या हसण्यात वावगं काही नव्हतं. पण ते संपायला हवं होतं तेव्हा संपलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, विसरलेल्या दिव्यासारखं.

४

जीप निघाली. हवालदारानं विचारलं, "कुठे घेऊ?"

फौजदारबाईंच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. चिमणीला कुणी गायब केलं असेल, तर तिची चिप शेवटच्या रेषेपर्यंत आणली कशाला? फेकून दिली असती तर काय बिघडलं असतं? आणि आणली कुणी? ज्याच्याजवळ ती चिप होती, तो माणूस त्यांच्या बरोबरीनं रेषेवर असायला हवा होता. शेजारी कुणी नव्हतं. पुढे कुणी नव्हतं. मागचे आजोबा चांगले दहा पावलं मागे.

गुडघ्याच्या मागे केव्हापासूनच काहीतरी टोचत होतं. शर्यतीतही टोचत होतं. पण तेव्हा टोचत नव्हतं असं शरीरात काहीच नव्हतं, म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. त्यांनी पट्टीच्या खाली बोट घातलं. कापडाच्या दोन घड्यांच्या मध्ये कसलीतरी कडा लागली. पातळ, ताठ.

आज काढू नका हं.

"गाडी थांबव," त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टी सोडायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. शेवटच्या वेढ्यातून एक वस्तू निघून जीपच्या फरशीवर पडली. कागदासारखी पातळ चिप. तिच्यावर नंबर छापलेला होता.

चष्मेवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि मग मांडीवरच्या पिवळ्या बॅगेवर डकवलेला नंबर पाहिला. दोन्ही एकच होते.

इतकी वर्षं फौजदारबाई गुन्हेगारांच्या मागे धावल्या होत्या. आज गुन्हा त्यांच्या पायाला बांधला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"ताई," चष्मेवाला कुजबुजला, "ती आहे ना?"

"गप्प बस. मला विचार करू दे."

पण विचार आता आपोआप येत होते, एकामागून एक, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा भयंकर. चिमणी वेगवान होती, म्हणजे त्यांच्या कितीतरी आधी ती तंबूवर पोहोचली असणार. पायात गोळा आला असेल, नाहीतर त्यानंच थांबवलं असेल. तिथे कागद पांघरून पडलेल्या बाईकडे कोण बघतंय? तिला गाडीत घालून नेता येतं. आणि मग सावकाश येणाऱ्या, गुडघा दुखणाऱ्या, नक्की थांबणाऱ्या बाईच्या पट्टीत चिप बांधता येते. पोलिसातल्या बाईच्या. तिच्यावर कोण संशय घेणार?

"तिला शर्यत पूर्ण करायला लावली त्यानं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कारण शर्यत पूर्ण केलेल्या बाईला पुढे काही झालं, तर ते रेषा ओलांडल्यानंतर झालं असं सगळे धरतात. आणि तेव्हा तो तिथे, तंबूत, पन्नास माणसांच्या डोळ्यांसमोर. उद्या सकाळी तो दवाखाना उघडणार आणि बोंब मारणार. अरे देवा, ही तर नेहमीसारखी येऊन बर्फात बसली होती! थकलेली, एकटी, चक्कर आली, बुडाली. आणि बर्फातल्या माणसाचा जीव नेमका केव्हा गेला, हे सांगणं डॉक्टरलाही अवघड."

"चार पोती," हवालदार म्हणाला.

"हो. चार पोती बर्फ दुसऱ्या तंबूत गेलाच नाही."

हवालदारानं गाडी वळवली. दवाखाना तंबूच्या मागे दोनच गल्ल्या सोडून होता. वाटेत तंबू लागला. नर्स एकटीच खाटेवर बसली होती. फिजिओची गाडी जागेवर नव्हती.

"आत्ताच गेले," नर्स म्हणाली. "तुम्ही गेलात आणि लगेच. पाणी प्यायलाही थांबले नाहीत."

५

त्याची गाडी दवाखान्याच्या दारात तिरकी उभी होती. दरवाजा नुसता लोटलेला होता.

"तू मागच्या बाजूनं जा, आधी अँब्युलन्सला फोन कर," त्यांनी हवालदाराला सांगितलं. चष्मेवाल्याला जीपमध्येच थांबायला सांगितलं. तो ऐकणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आत व्यायामाच्या गाद्या, मोठाले रबरी चेंडू, भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं लालभडक चित्र. दिवे बंद. बर्फाच्या पाण्याचा टब खाली तळघरात होता. जिन्याच्या तोंडाशी फौजदारबाई थबकल्या.

खालून आवाज येत होता. नळाचा. पाणी जोरात पडत होतं.

त्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि मांडी अशी फाटली की डोळ्यांत पाणी आलं. मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाला जिना उतरता येत नाही. गुन्हेगार खाली, जीव खाली, आणि पाय म्हणतायत नाही. त्या पाठमोऱ्या झाल्या. कठडा दोन्ही हातांनी धरला आणि शिडी उतरावी तशा उलट्या उतरू लागल्या. पाठ अंधाराकडे. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, नुसतं पाणी ऐकू येत होतं, आणि आवाज पालटत होता. आधी पत्र्यावर पडल्यासारखा होता, आता पाण्यावर पाणी पडत होतं. टब भरत होता.

"कोण?" खालून फिजिओचा आवाज आला.

फौजदारबाई शेवटच्या पायरीवर पोहोचल्या आणि वळल्या. वरच्या लहानशा झरोक्यातून राखाडी उजेड येत होता. फिजिओ टबाच्या काठाशी गुडघे टेकून बसला होता, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. टबात बर्फाचे तुकडे हलत होते. त्यांच्या मध्ये चिमणीचा चेहरा होता. डोळे मिटलेले, ओठ जांभळे. पाणी हनुवटीला लागलं होतं.

"नळ बंद कर."

"ती आपणहून आली, ताई." त्याचा आवाज अजूनही गोडच होता, फक्त दात वाजत होते. "शर्यत संपवून आली. मी आत्ता येऊन पाहिली तर ही अशी. मी तिला बाहेरच काढत होतो."

"नळ चालू ठेवून?"

त्यानं एकदा नळाकडे पाहिलं.

फौजदारबाईंनी मूठ उघडली. "शर्यत मी संपवली. माझी पण आणि तिची पण."

चिप बघून फिजिओ उठला. त्याच्या आणि जिन्याच्या मध्ये फौजदारबाईच होत्या. त्यांना कळलं की हा आता धावेल आणि आपल्याला एक पाऊलही बाजूला होता येणार नाही. इतकी भीती त्यांना पिस्तुलासमोरही वाटली नव्हती. त्या नुसत्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. तो अंगावर आला, त्यांना भिंतीवर आदळून पुढे झाला, आणि त्याच क्षणी वरून चष्मेवाला तीन पायऱ्या एकदम टाकत खाली आला. दोघं मिळून फरशीवर कोसळले. चष्मा कुठे गेला ते कळलं नाही. त्या किडकिडीत माणसानं फिजिओला खाली दाबून धरलं होतं आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तिला काढा. आधी तिला काढा."

फौजदारबाई रांगत टबापर्यंत गेल्या. नळ बंद केला, खांद्यापर्यंत हात घालून तळातलं बूच उपसलं. पाणी गुरगुरत खाली जाऊ लागलं. चिमणीचे खांदे दिसले. त्यांनी तिच्या नाकापुढे बोट धरलं.

काहीच लागलं नाही.

मग लागलं. इतकं बारीक की ते वाऱ्याचंही असू शकलं असतं. पण तळघरात वारा नव्हता.

६

तिचा आवाज परत यायला दोन दिवस गेले. हॉस्पिटलच्या खाटेवर ती पांघरुणांच्या ढिगात बसली होती आणि फौजदारबाई उशाशी खुर्चीत. पाय अजून नीट वाकत नव्हते.

"गोळा आला होता पायात," चिमणी म्हणाली. "त्यानं मीठपाणी दिलं. कडू लागलं, पण त्या वेळी सगळंच कडू लागतं. मला वाटलं, घाबरलाय बिचारा. घाबरलेल्या माणसापासून जपून राहायचं असतं, हे सुचलंच नाही."

पहिल्यांदा शुद्ध आली तेव्हा ती बर्फाच्या पाण्यात होती. हात उचलत नव्हते, ओरडायला आवाज नव्हता. पायाला मात्र बुचाची साखळी लागली. अंगठ्यानं ती ओढली, असं तिला अंधुक आठवत होतं. टब रिकामा झाला आणि ती पुन्हा गुंगीत गेली. म्हणूनच ती जगली. आणि म्हणूनच फिजिओला तंबूतून आल्यावर टब पुन्हा भरावा लागला.

तो आता सगळं कबूल करत होता. तंबूत चष्मेवाल्यानं दवाखान्याचं नाव काढलं, तेव्हाच त्याचा धीर सुटला होता. कुणी बघायला यायच्या आत सगळं नीट आहे ना, म्हणून तो धावत गेला. पोस्टमास्तरांना वेग वाढवायचा होता. दम टिकावा म्हणून त्यानं त्यांच्या बाटलीत एक पूड टाकून दिली. ती हृदयाला झेपेल का, हे विचारायचं राहून गेलं. ती बाटली चिमणीनं जपून ठेवली आणि लॅबमध्ये तपासली. त्यानं स्वतःहून सांगावं म्हणून तिनं दोन दिवस दिले. ते दोन दिवस त्यानं भलत्याच कामाला लावले.

दारात कुणीतरी उभं राहिलं. पोस्टमास्तरीणबाई. फौजदारबाईंनी त्यांना निरोप धाडला होता. त्या आत आल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि पिशवी पायाशी ठेवली.

चिमणीनं त्यांना सगळं सांगितलं. पूड, बाटली, सगळं. मध्ये दोनदा तिला थांबून श्वास घ्यावा लागला. पोस्टमास्तरीणबाई एकटक खिडकीकडे बघत ऐकत होत्या.

"म्हणजे मी त्या दिवशी जाऊ दिलं, म्हणून नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही हो."

"मी म्हणत होते, आज नका जाऊ. ते म्हणाले, जातोच. मी म्हटलं, जा मग एकदाचे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दोन महिने मला तेच शब्द ऐकू येतायत."

बाहेरून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज गेला.

"तू होतीस ना त्यांच्याजवळ? शेवटी?"

"डोकं माझ्या मांडीवर होतं."

"घाबरले होते का?"

चिमणीनं फौजदारबाईंकडे पाहिलं. फौजदारबाईंनी काहीच खूण केली नाही. ते तिचं तिनंच ठरवायचं होतं.

"हो," चिमणी म्हणाली. "घाबरले होते. माझा हात सोडत नव्हते."

पोस्टमास्तरीणबाईंनी मान हलवली, पुन्हा पुन्हा, सावकाश.

"बरं झालं खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "जो येतो तो सांगतो, अगदी शांतपणे गेले. मला कळायचंच नाही की हे कुणाबद्दल बोलतायत. आमच्या ह्यांना शांत बसणं जन्मात कधी जमलं नाही."

आणि मग त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. चिमणीनं पांघरुणातून हात बाहेर काढला. तो अजूनही गार होता. पोस्टमास्तरीणबाईंनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या.